अण्णांचं फडकं आणि निळी बलेनो

प्रश्न : नमस्कार दादा. आमच्याकडे 2018 ची निळी बलेनो आहे. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, गाडीला नव्या गाडीपेक्षा जास्त जपतात. रोज सकाळी फडकं घेऊन सगळी गाडी पुसून काढतात, एक दिवस चुकवत नाहीत. तरी गाडीची चमक गेली आहे. उन्हात बॉनेटवर गोल गोल जाळं दिसतं, दारांवर पांढरे ठिपके पडलेत ते कितीही पुसले तरी निघत नाहीत, आणि टपावर एका जागी पांढुरका डाग आहे. गाडी अंगणात कडुनिंबाखाली उभी असते. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे धुणं बोअरच्या पाण्यावर.

डिटेलिंगवाल्यानं सिरॅमिक कोटिंगचे बावीस हजार सांगितले. ओळखीचा गॅरेजवाला म्हणतो, दीड हजारात रबिंग-पॉलिश मारून नवी करून देतो. मिस्टर म्हणतात, टूथपेस्टनं ओरखडे जातात, कशाला खर्च करायचा. पुढच्या महिन्यात दसरा आहे, त्याआधी गाडी जरा बरी दिसावी एवढीच इच्छा. माझं बजेट तीन हजार. घरच्या घरी होईल का? आणि आपल्या सोलापूरचा टर्किश टॉवेल घरात ढिगानं असताना ते मायक्रोफायबर विकत कशाला घ्यायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, तीन हजारांत होईल. पैसे थोडे उरतीलही. अवघड काम वेगळंच आहे, ते म्हणजे अण्णांशी बोलणं.

बॉनेटवरचं जाळं उन्हानं पडलेलं नाही. ते रोज सकाळच्या फडक्यानं पडलंय. माझं निम्मं आयुष्य डेंटिंग-पेंटिंगच्या शेडमध्ये गेलं. महिना महिना धूळ खात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग धुतल्यावर चांगला निघतो आणि रोज कोरड्या कापडानं पुसलेल्या गाडीचा खराब निघतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता गाडी बघून मालकाच्या सवयी सांगता येतात. धूळ नुसती बसली तर रंगाचं फारसं काही बिघडत नाही. तिच्यावर कापड दाबून फिरवलं की ती पॉलिश पेपरचं काम करते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कडक असतात.

गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर बिनरंगी क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण 100 ते 130 मायक्रॉन भरतं, म्हणजे मिलीमीटरचा आठवा-दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉन, डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तुम्हाला जी चमक दिसते ती सगळी या थराची. खालचा निळा रंग अजून शाबूत आहे, त्याची काळजी करू नका. वरच्या थरावर हजारो बारीक रेघा पडल्यात, त्या उजेड इकडेतिकडे फेकतात, म्हणून गाडी मळकट वाटते.

आज रात्री अंधार पडला की मोबाईलचा टॉर्च बॉनेटजवळ धरा. उजेडाच्या भोवती कोळ्याचं जाळं दिसेल. टॉर्च सरकवा, जाळंही सोबत सरकेल. याचा अर्थ रेघा गोल नाहीतच. त्या सगळ्या दिशांना पडलेल्या आहेत, पण उजेडाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकतात आणि आपल्याला गोल दिसतात. पुसताना हात गोल फिरवला म्हणून जाळं पडतं असा समज आहे. हात सरळ फिरवला तरी पडतंच.

हा टॉर्चचा प्रयोग अण्णांना बरोबर घेऊन करा. त्यांच्या फडक्याला नाव ठेवायचं नाही, फक्त दाखवायचं. मग बॉनेटवरून एकदा फडकं फिरवून त्याची घडी दोन बोटांत चोळून बघायला सांगा. कचकच लागेल. वडीलधाऱ्या माणसाला "तुमच्यामुळे खराब झाली" असं म्हणणं बरं नाही आणि त्याची गरजही नाही. गाडीवर त्यांची माया आहे, हात फक्त चुकीच्या जागी फिरतोय. त्यांची सकाळची वेळ काढून घेऊ नका, काम बदला. काचा ओल्या करून पुसणं, पायपुसणी झटकणं, डॅशबोर्ड, टायरमधली हवा बघणं, वायपरच्या खालच्या जाळीत अडकलेला कडुनिंबाचा पाला काढणं, दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात ती काडीनं मोकळी ठेवणं. हे शेवटचं काम फार कमी लोक करतात. ती भोकं मातीनं बुजली की पावसाचं पाणी दारात साचतं आणि दार आतून गंजत येतं. ते कळतं तेव्हा पत्र्याला फुगे आलेले असतात. अण्णांसारख्या नेमाच्या माणसाला हे काम शोभेल. रंगाला मात्र पाण्याशिवाय कापड लावायचं नाही, एवढा एकच नियम घरात करा. ते लांब दांड्याचे झुबक्यांचे डस्टरही नकोत, तेही धूळ ओढतच नेतात.

आता गॅरेजवाल्याचं. रबिंग म्हणजे कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) लावून मशीननं क्लिअर कोटचाच वरचा पापुद्रा घासून काढणं. रेघ जेवढी खोल तेवढा थर काढला की रेघ दिसत नाही. काम खोटं नाही, पण काढलेला थर परत येत नाही. शिवाय तुमची गाडी सेकंडहँड. विकायला काढलेल्या गाडीला रबिंग मारून उभी करायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे, म्हणजे तुमच्या हातात आली तेव्हाच तिचा थोडा थर गेलेला असण्याची दाट शक्यता. त्यात दीड हजारात करणारा माणूस जड रोटरी मशीन आणि लोकरीचं पॅड घेऊन सगळी गाडी दोन तासांत उरकणार. बॉनेटची धार, दारावरची उठलेली रेघ, बंपरचे कोपरे, इथे थर मुळातच पातळ असतो आणि मशीन नेमकं तिथेच जास्त घासतं. तिथला क्लिअर कोट उडाला तर नवीन रंगाशिवाय इलाज नाही. आणखी एक गंमत सांगतो. अशा कामात कंपाउंडचं तेल रेघांमध्ये बसतं, त्यामुळे गाडी हातात येते तेव्हा आरशासारखी दिसते. दोन-तीनदा धुतली की जाळं परत, वर मशीनच्या फिरक्यांचे लाटांसारखे पट्टे वेगळेच. गाडीच्या उभ्या आयुष्यात एखाद-दुसऱ्यांदा, हलक्या पॉलिशनं, ड्युअल अॅक्शन मशीनवाल्या (याचं पॅड फिरता फिरता हलतंही, म्हणून कमी घासतं) सावध माणसाकडून करून घ्यायला माझी हरकत नाही. दर दिवाळीला रबिंग मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बावीस हजारांचं कोटिंग तुमच्या गाडीला नाकापेक्षा मोती जड आहे. कोटिंग खोटं नसतं. पाणी छान ओघळतं, मळ लवकर सुटतो, चमक टिकते. पण तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. जाहिरातीत जो "9 एच" कडकपणा सांगतात तो पेन्सिलीच्या शिशाच्या मापावरचा आहे, हिऱ्या-माणकांच्या नव्हे. कोरडं फडकं त्याच्यावरही रेघा पाडणार आणि बोअरच्या पाण्याचे ठिपके त्याच्यावरही पडणार. सवय बदलली नाही तर बावीस हजारांवर जाळं पडेल. सवय बदलली तर पाचशे रुपयांच्या वॅक्सवर भागेल. दगडाचे टवके कोटिंग थांबवत नाही, त्याला जाड फिल्म लागते आणि तिचा खर्च तर विचारूच नका.

टूथपेस्ट दातांसाठी असते. दातावरचं एनॅमल हा अंगातला सगळ्यात कडक पदार्थ, आणि त्याच्यावरचा मळ घासायला पेस्टमध्ये खरखरीत पूड घातलेली असते. गाडीचा क्लिअर कोट म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिकच. एखादी रेघ पुसट होईलही, पण तिच्याभोवती धुरकट पट्टा उठेल आणि पेस्ट वाळून फटींमध्ये पांढरी बसेल. मिस्टरांना म्हणावं, पेस्ट बाथरूममध्येच बरी. खोबरेल तेल, डिझेलचं फडकं, शेव्हिंग फोम हे सगळं त्याच यादीतलं. तेलानं गाडी तासभर चमकते आणि मग रस्त्यावरची सगळी धूळ गोळा करते.

धुण्याकडे वळू. पंधरा दिवसांतून एकदा नीट धुतली तरी पुरे. सकाळी ऊन चढायच्या आत. बॉनेटवर हाताची मागची बाजू टेकवून बघा, गार लागलं पाहिजे. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी वाळतं आणि धुऊनसुद्धा डाग पडतात.

दोन बादल्या आणि गाडी धुवायचा मऊ हातमोजा घ्या. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडीवर फिरवलेला हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मग शॅम्पूत बुडवायचा. कचरा साध्या पाण्याच्या बादलीत जातो, गाडीवर परत येत नाही. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं काम होतं. त्याआधी मात्र धूळ नुसत्या पाण्यानं उतरवून घ्यायची, हात न लावता. पाइप लावायची गरज नाही, नर्सरीत मिळतो तो दोन लिटरचा हातपंप पुरतो. त्यात पाणी आणि थोडा शॅम्पू भरून सगळ्या गाडीवर फवारा, पाच मिनिटं मुरू द्या (वाळू द्यायचं नाही), मग साधं पाणी फवारा किंवा तांब्यानं वरून सोडा. शेतीचा पाठीवरचा पंप घरात असेल तर मोह होईल, पण त्यात एकदा जरी तणनाशक किंवा कीटकनाशक भरलं असेल तर तो गाडीच्या आणि तुमच्या हाताच्या आसपास आणू नका. सगळं मिळून तीन-चार बादल्यांत गाडी धुऊन होते. वरून खाली यायचं. आधी टप, काचा, बॉनेट, मग दारांचा वरचा भाग. दारांचा खालचा हातभर भाग आणि बंपर शेवटी, कारण खडी-माती सगळी तिथेच असते. चाकांना वेगळं कापड, आणि ते कापड पुन्हा कधीही वर जाता कामा नये.

शॅम्पू गाडीचाच घ्या, पीएच न्यूट्रल लिहिलेला. लिटरची बाटली साधारण तीनशे-चारशेला येते आणि एका वेळी झाकणभर लागतो, त्यामुळे सहज वर्ष निघतं. निरमा, वॉशिंग सोडा, अंगाचा साबण नको. भांड्यांचं लिक्विड वॅक्स उतरवतं. जुनं मेण काढून नवीन लावायचं असेल त्या दिवशी एकदा वापरलं तर चालेल, दर वेळी नाही.

पाण्याचं काय करायचं? दारांवरचे ते पांढरे ठिपके बोअरच्याच पाण्याचे आहेत. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच क्षार. थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार चिकटून राहतो. म्हणून धुणं बोअरच्या पाण्यानं झालं तरी शेवटची एक बादली गोड्या पाण्याची हवी. नळाला पाणी येतं त्या दिवशी एक बादली बाजूला ठेवता आली तर उत्तम. घरात एसी असेल तर त्याच्या नळीखाली बादली लावा. ते हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. कापडानं गाळून घेतलं की शेवटच्या फेरीला त्याच्याइतकं चांगलं पाणी नाही. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही नको. बरेच लोक काटकसर म्हणून ते गाडीला वापरतात, पण मशीननं पिण्याच्या पाण्यातून काढलेला क्षार नेमका त्याच पाण्यात जमा झालेला असतो. ते फरशी पुसायला ठेवा. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच, आटून आटून जड झालेलं.

पाणी ओतून झालं की गाडी आपोआप वाळायला सोडू नका, लगेच टिपून घ्या. इथे तुमच्या टॉवेलचा प्रश्न येतो. सोलापूरचा टर्किश टॉवेल पाणी पिण्यात कोणाला हार जात नाही, हे सोलापूरकराला मी काय सांगावं! स्वच्छ धुतलेल्या गाडीवर तो पसरायचा, थापटायचा आणि उचलायचा, यासाठी जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला टॉवेल खुशाल वापरा. फक्त त्याच्या दोन्ही टोकांची विणलेली पट्टी आणि शिवलेले काठ आत दुमडून घ्या, ते रेघा पाडतात. पण घासायच्या कामाला, म्हणजे पॉलिश आणि वॅक्स पुसायला, तो नको. त्याच्या सुती फासात एखादा कण अडकला की सगळ्या गाडीभर फिरतो. मायक्रोफायबरचे तंतू फार बारीक असतात, कण आत ओढून घेतात. 300 जीएसएमच्या (कापडाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पुढची चार-पाच फडकी चारशे-पाचशेला मिळतात. ती सुती कपड्यांबरोबर धुऊ नका, नाहीतर सगळं सुताचं तूस त्यांनाच चिकटतं. धुताना कम्फर्टसारखं काही घालायचं नाही, इस्त्री तर नाहीच. आणि फडकं एकदा जमिनीवर पडलं की त्याची बढती चाकांच्या कापडात. यात कसलीही दयामाया नको.

दारांवरच्या ठिपक्यांना किराणा दुकानात मिळतं ते पांढरं व्हिनेगर घ्या, निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर. गार पत्र्यावर, धुतल्यानंतर, कापड त्यात भिजवून डागावर मिनिट-दीड मिनिट नुसतं ठेवायचं, हलकं टिपायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. एका वेळी एकच दार करा. क्षार वर बसलेला असेल तर तो विरघळून जाईल. व्हिनेगरनंतरही थेंबाच्या कडेची गोल रिंग दिसत राहिली, तर क्षारानं क्लिअर कोटमध्ये घर केलंय. ती पॉलिशनं थोडी पुसट होईल, एवढीच अपेक्षा ठेवा. लिंबू चोळायला सांगणारे भेटतील. आम्ल तेही आहे, पण किती कडक ते कळत नाही आणि रस चिकटतो.

कडुनिंबाखाली पाखरं येणारच, उन्हाळ्यात निंबोळ्या पिकल्या की जास्तच. त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग यूरिक आम्लाचा. तापलेल्या पत्र्यावर क्लिअर कोट थोडा मऊ पडतो, त्यावर हे आम्ल काही तासांत खुणा पाडतं. इथे पंधरा दिवस थांबायचं नाही. टिश्यू किंवा जुनं सुती कापड भिजवून डागावर दहा मिनिटं ठेवा आणि मग वर उचला. घासू नका, त्यात खाल्लेल्या बियांचे तुकडे असतात. निंबोळीचा वाळलेला गर असाच भिजवून निघतो. डिंकासारखं काही चिकटलं असेल तर हात धुवायच्या सॅनिटायझरचा थेंब, आणि लगेच पाणी. डांबराच्या काळ्या ठिपक्यांना कापडावर थोडं रॉकेल घेऊन टिपायचं आणि ती जागा शॅम्पूनं धुऊन टाकायची. रॉकेल म्हटल्यावर आसपास गॅस, उदबत्ती, विडी नको.

टपावरचा पांढुरका डाग नीट बघा. त्याच्या कडा नकाशासारख्या तुटक आहेत का? नख हलकेच फिरवल्यावर पापुद्र्याची कड लागते का? लागत असेल तर तिथला क्लिअर कोट सुटायला लागलाय. त्याला पॉलिश, वॅक्स, कोटिंग काहीही चालत नाही, घासलं तर डाग वाढेल. टप पुन्हा रंगवणं हाच उपाय, आणि ते दसऱ्याआधी घाईनं करण्याचं काम नाही. कड लागत नसेल, नुसतं निस्तेज असेल, तर पॉलिशनं बराच फरक पडेल.

धुऊन कोरडी झालेल्या गाडीवर, हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागेल. ब्रेकची लोखंडी पूड, रस्त्यावरची राळ, झाडाचा चिकटा, असं काय काय रुतून बसलेलं असतं. त्यासाठी क्ले बार, म्हणजे मळता येणारी मातीसारखी मऊ वडी, मिळतो, शंभर ग्रॅमची वडी चारशेच्या आसपास. चपटी करून, शॅम्पूच्या पाण्याची भरपूर फवारणी करून, अगदी बोटांच्या वजनानं सरळ रेषेत फिरवायची. सुरुवातीला अडखळते, आवाज येतो, मग सर्रकन सरकायला लागते. म्हणजे ती जागा झाली. वडी मळली की आतली बाजू बाहेर काढून मळून घ्या. खाली पडली तर टाकून द्या, चारशे रुपये गेले असं म्हणत धुऊन वापरू नका. वर्षातून एकदा बास.

मग पॉलिश. रबिंग कंपाउंड नाही, बारीक पॉलिश किंवा क्लीनर वॅक्स लिहिलेलं घ्या. मागच्या दाराच्या खालच्या बाजूला फूटभर जागेवर आधी करून बघा, बरं वाटलं तर पुढे जा. एका वेळी दोन फुटांचा तुकडा, दाब कमी, धारा आणि उठलेल्या रेघा सोडून. हातानं केल्यानं जाळं पुसट होईल, पूर्ण जाणार नाही. पूर्ण घालवण्याच्या नादाला लागू नका. उरलेला थर गाडीला अजून बरीच वर्षं पुरवायचा आहे. नख अडकतं अशी रेघ पॉलिशनं जात नाही. तिला कंपनीच्या रंगाची टच-अप बाटली लागते. रंगाचा कोड गाडीवरच्या प्लेटवर असतो, तो दाखवून मागा.

शेवटी वॅक्स. डबीवर कार्नोबा लिहिलेलं असेल, हे ब्राझीलमधल्या एका पामच्या पानांवरचं मेण. साधारण पाचशे-सहाशेची डबी दोन वर्षं पुरते, कारण थर जितका पातळ तितका चांगला. जाड थापणाऱ्याचे हात दुखतात आणि मेण फडक्यातच जातं. सावलीत लावा, थोडं धुरकट होऊ द्या, एका बोटानं पुसून बघा. बोटाखाली स्वच्छ चमक आली की मायक्रोफायबरनं हलक्या हातानं उतरवा. काळ्या प्लास्टिकच्या भागांवर आणि रबरावर लागू देऊ नका, पांढरे चट्टे राहतात. दीड-दोन महिने टिकतं, एप्रिल-मेच्या उन्हात त्याहून कमी. धुताना पाण्याचे टपोरे थेंब व्हायचे बंद होऊन पाणी पसरायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली.

हिशोब असा : हातमोजा, फडकी, शॅम्पू, हातपंप, क्ले, पॉलिश आणि वॅक्स मिळून अडीच हजारांच्या आसपास जाईल. हात आखडता घ्यायचा असेल तर क्ले आणि पॉलिश पुढच्या वर्षावर टाका, पण मोजा आणि फडकी यांत काटकसर करू नका. सगळं काम एका दिवसात उरकायचा हट्टही नको. पहिल्या रविवारी धुणं, व्हिनेगर आणि क्ले. पुढच्या रविवारी पुन्हा हलकं धुऊन पॉलिश आणि वॅक्स. दोन माणसं असतील तर दुपारच्या जेवणाआधी होतं.

कव्हरचं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. उघड्या अंगणात वाऱ्यावर फडफडणारं कव्हर म्हणजे अण्णांचं फडकं दिवसभर फिरवल्यासारखंच. आधीच धूळ असलेल्या गाडीवर तर ते अजिबात घालू नका. त्यापेक्षा जमलं तर गाडीची जागा कडुनिंबापासून चार हात सरकवा.

आणि दसऱ्याची पूजा. झेंडूचा हार तारेनं बांधू नका, दोऱ्यानं ग्रिलला बांधा, बॉनेटवर लोंबता ठेवू नका. गाडी चालली की तोच हार रंगावर आपटत राहतो, आणि ओली फुलं कुजून डाग पडतात ते वेगळंच. संध्याकाळी उतरवून टाका. ओल्या हळदी-कुंकवाचं स्वस्तिक काचेवर काढा. बॉनेटवरच काढायचा आग्रह असेल तर वॅक्स लावल्यानंतर काढा आणि रात्रीच्या आत पाण्यानं उतरवा. कुंकवाचा लाल डाग मागे राहिलाच तर सॅनिटायझरनं टिपून लगेच धुवा. हळदीचा पिवळेपणा घासत बसू नका, तो उन्हानं आपोआप उडतो.